ज्याला काही सांगता येत नाही असा सभासद

धानाची कापणी उरकत आली, दिवाळी तोंडावर आली, की आपल्या झाडीपट्टीतील गावोगावची मंडळे जागी होतात. अर्जुनी-मोरगाव, सडक-अर्जुनी, देवरी हे आपल्या गोंदिया जिल्ह्यातील तालुके, शेजारचा भंडारा, आणि पलीकडे वडसा, गडचिरोली, चंद्रपूरपर्यंतचा सारा मुलूख नाटकवेडा आहे. मंडई भरली की त्या रात्री गावात नाटक व्हायचेच, आणि ते पहाटेपर्यंत चालायचे. आता पुष्कळ गावे वडशाच्या कंपन्यांना पैसे मोजून बोलावतात. तरीही वर्गणी काढून, दिवसभर शेतात राबून रात्री कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात तालीम करणारी हौशी मंडळे संपलेली नाहीत. नाटकाचे मंडळ नसेल तेथे गायन मंडळ असते. एक पेटी, एक तबला, एक ढोलकी आणि आठ-दहा गळे. चौदा एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन त्यांच्यावाचून साजरा होत नाही.

अशा प्रत्येक मंडळात एक माणूस असतो. वाचकहो, तुमच्या डोळ्यांसमोर तो आत्ताच उभा राहिला असेल. तालमीला तो सर्वांत उशिरा येतो आणि आल्याबरोबर सर्वांना वेळेचे महत्त्व सांगतो. मुख्य पार्ट त्याचाच, कारण गेली वीस वर्षे तो त्याचाच आहे. एखाद्या पोराने नवी चाल बसवली तर तो पेटीवरून हात काढून घेतो आणि म्हणतो, "मग तुम्हीच वाजवा." पोरींना गाण्यात घेतले तर नाक मुरडतो. वर्गणीचा विषय निघाला की त्याला मंडळ स्थापन झाले तो दिवस आठवतो. "तुम्ही तेव्हा पाळण्यात होता," हे त्याचे ठरलेले उत्तर. गंमत अशी की त्याचा गळा खरोखरच गोड असतो आणि पेटीवर त्याच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नसतो. तसे नसते तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

मंडळे त्याचे काय करतात? बहुतेक ठिकाणी काहीच करत नाहीत. सहा-सात वर्षे सारे गप्प राहतात आणि घरी जाऊन बायकोजवळ कुरकुरतात. मग एखाद्या रात्री, बहुधा ऐन कार्यक्रमाच्या रात्री, भडका उडतो आणि एका मंडळाची दोन मंडळे होतात. त्यापुढची पायरी म्हणजे एकाच वस्तीतून जयंतीच्या दोन मिरवणुका. हे सांगायला मी कोण्या गावाचे नाव घेण्याची गरज नाही. काही मंडळे याहून वाईट मार्ग धरतात. त्याला न कळवता दुसऱ्याच्या घरी तालीम घेतात, आणि तो वाटेत भेटला की "यंदा अजून काही ठरले नाही, काका" असे सांगतात. मुसावादाचे शील सकाळी घ्यायचे आणि संध्याकाळी ते असे वापरायचे, याला काय म्हणावे!

हौसेच्या मंडळाची अडचण खास आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. कारखान्यात फोरमन असतो, त्याच्या हातात मजुरी असते. घरात रक्ताचे नाते असते, भांडूनही ताटावर एकत्र बसावे लागते. येथे मजुरीही नाही आणि नातेही नाही. गोडी आहे म्हणून माणसे येतात, गोडी संपली की येत नाहीत. एका माणसाने ती गोडी नासवली तर कोणी तक्रार करत नाही. एक-एक जण हळूच यायचा थांबतो. आधी लाजरी पोरे जातात, मग बाया जातात, शेवटी तबलजी जातो. उरतो तो आणि त्याची पेटी.

शहरात अशा माणसाला सभासदत्वातून काढून टाकले की विषय मिटतो. पुन्हा त्याचे तोंड पाहावे लागत नाही. खेड्यात तसे नाही. रात्री ज्याला मंडळातून काढले तो सकाळी बोडीवर भेटतो. त्याची बायको आपल्या बायकोबरोबर रोवणीला एकाच बांधीत वाकलेली असते. त्याची मुलगी आपल्या मुलीबरोबर शाळेत जाते. म्हणून खेड्यात "काढून टाकणे" ही गोष्ट मंडळापुरती राहत नाही. ती पाण्यासारखी उतार शोधत घराघरांत शिरते.

येथेच आपल्या लोकांच्या मनाला एक जुनी जखम ठसठसते. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. मेलेले ढोर ओढणार नाही एवढे म्हटल्याबरोबर दुकानदाराने मीठ-तेल बंद करावे, मालकाने मजुरी बंद करावी, वाट बंद व्हावी, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३० साली, बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या संरक्षणासाठी ज्या मागण्या मांडल्या त्यांत सामाजिक बहिष्कार हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवावा ही मागणी होती. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना पुढे ठेवला होता. महाराष्ट्रात तसा कायदा व्हायला २०१६ साल उजाडले आणि तो अमलात आला २०१७ मध्ये. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. जातपंचायतींच्या मनमानीने गांजलेल्या माणसांसाठी तो झाला.

अशी पूर्वपीठिका असलेल्या माणसांनी आपल्यातल्याच एकाला "तू उद्यापासून येऊ नकोस" म्हणावे काय? पुष्कळ भले लोक या प्रश्नापाशी अडतात आणि गप्प बसतात. त्यांचे अडणे मला आदरणीय वाटते. पण त्यांच्या या भल्या संकोचाचा फायदा नेमका तो माणूस घेतो, हेही पाहिले पाहिजे. यंदा मुख्य पार्ट दुसऱ्याला देऊ, एवढे म्हटले तरी तो चारचौघांत ओरडतो, "माझ्यावर बहिष्कार टाकता काय?" हा शब्द इतका स्वस्त करू देता कामा नये. विहिरीचे पाणी तोडणे म्हणजे बहिष्कार. नाटकातला पार्ट काढून घेणे म्हणजे बहिष्कार नव्हे. पाण्यावर माणसाचा हक्क असतो, नायकाच्या भूमिकेवर कोणाचाच हक्क नसतो.

मात्र त्याच्यावर बोट ठेवण्यापूर्वी मंडळाने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. तो अवघड आहे हे ठरवले कोणी?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी हकिकत दिली आहे ती आठवा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र घराबाहेर पडला, ही परंपरेची गोष्ट त्यांना पटली नाही. त्यांच्या मांडणीप्रमाणे सिद्धार्थ विसाव्या वर्षी शाक्य संघाचा सभासद झाला. पुढे आठ वर्षांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा पेटला. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने त्याला विरोध केला, चौकशी करून तडजोडीने मिटवा म्हणाला, आणि प्रचंड बहुमताने हरला. हरल्यावरही तो सैन्यात जायला तयार होईना. तेव्हा संघाने त्याच्या कुटुंबावर बहिष्कार घालण्याची आणि त्यांच्या जमिनी जप्त करण्याची धमकी दिली. शाक्य संघाच्या वहीत त्या दिवशी अवघड सभासद म्हणून कोणाचे नाव लिहिले गेले असते? सिद्धार्थ गौतमाचे!

तेव्हा बहुमताला जो नकोसा झाला तो दोषी, हे गणित आपल्याला चालणार नाही. मंडळात वर्गणीचा हिशेब मागणारा माणूस खजिनदाराला अवघडच वाटतो. तालमीच्या वेळी बाटली नको म्हणणारा चौघांना अवघड वाटतो. बाहेरून स्त्री-कलावंत आणता तर आपल्या पोरींना पार्ट का नाही, असे विचारणारी मुलगी तर साऱ्यांनाच अवघड वाटते. यांना गप्प करण्यासाठी "मंडळाची एकी" हा शब्द वापरला जातो तेव्हा सावध असावे. ओळखण्याची एक साधी रीत आहे. काय झाले म्हणजे हा माणूस शांत होईल, हे विचारून पाहावे. हिशेब दाखवला की तो शांत होणार असेल तर हिशेब दाखवावा. सारे त्याच्यापुढे वाकल्याशिवाय तो शांत होणारच नसेल तर मामला निराळा आहे.

या निराळ्या मामल्यासाठी पालीत एक नेमका शब्द आहे. 'दुब्बच.' ज्याला सांगणे कठीण, ज्याला बोललेले चालत नाही असा. याच्या उलट 'सुवच', म्हणजे ज्याला सांगता येते असा. फार बोलणारा, तापट किंवा तऱ्हेवाईक असला म्हणून कोणी दुब्बच होत नाही. मज्झिम निकायातील अनुमान सुत्तात महामोग्गल्लान थेरांनी दुब्बच भिक्खूची लक्षणे सांगितली आहेत. दोष दाखवला की हा दाखवणाऱ्यावरच उलटतो, त्याचाच दोष काढतो, विषय भलतीकडे नेतो, रागावतो, रुसतो. आपल्या पेटीवाल्या काकांचे वर्णन अडीच हजार वर्षांपूर्वी कोणी करून ठेवले की काय, असे वाटावे. पण थेर तेथे थांबत नाहीत. ही लक्षणे दुसऱ्यात पाहून आपल्याला तो माणूस आवडत नाही, तर आपल्यात ती असतील तेव्हा आपण दुसऱ्याला कसे वाटत असू, असे प्रत्येकाने अनुमान करावे, असे ते सांगतात. सुत्ताचे नाव त्यावरूनच पडले आहे. मंडळेही दुब्बच असू शकतात. शाक्य संघ तसा होता. सिद्धार्थ मात्र दुब्बच नव्हता. त्याने संघाचे ऐकून घेतले, उत्तर दिले, आणि शेवटी कुटुंब निर्दोष आहे, शिक्षा मला एकट्याला द्या, असे म्हणून परिव्रज्या पत्करली.

दुब्बच भिक्खूचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे छन्न. गृहत्यागाच्या वेळी सिद्धार्थाबरोबर होता तोच हा छन्न, असे परंपरा मानते. पुढे तो भिक्खू झाला, पण ती जुनी जवळीक त्याच्या डोक्यातून गेली नाही. बुद्ध माझे, धम्म माझा, तुम्ही मला काय सांगणार, तुम्ही नंतर आलात, असा त्याचा तोरा. "तुम्ही तेव्हा पाळण्यात होता" हे वाक्य फार जुने आहे, वाचकहो. विनयात दुब्बच भिक्खूसंबंधीचा जो नियम आहे तो छन्नाच्याच निमित्ताने झाला, आणि त्यात संघाने तीनदा समजावून सांगावे अशी तजवीज आहे. छन्नाला समजावूनही फरक पडला नाही. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आनंदाला सांगितले, माझ्यामागे छन्नाला ब्रह्मदंड द्या. ब्रह्मदंड म्हणजे काय? छन्नाने काय वाटेल ते बोलावे, भिक्खूंनी त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये, त्याला सांगायला जाऊ नये.

हा बहिष्कारच नव्हे काय, असे कोणी विचारील. विचारायलाच हवे. मला स्वतःला ही शिक्षा कठोर वाटते, आणि ती हौसेच्या मंडळाने उचलावी असे मी मुळीच म्हणणार नाही. साऱ्या गावाने एका माणसाशी अबोला धरणे आपल्याला परवडणार नाही आणि शोभणारही नाही. पण ती कशी दिली गेली हे पाहण्यासारखे आहे. त्याचे अन्न तोडले नाही, निवारा काढून घेतला नाही. दंड पैशाचा नव्हता, जातपंचायतीसारखे गावजेवणही मागितले नव्हते. आणि ती पाठीमागे दिली गेली नाही. आनंदाने कौशांबीला घोषितारामात जाऊन छन्नाच्या तोंडावर सांगितली. जाण्यापूर्वी आनंदाला भीती वाटली होती, कारण छन्न तापट आणि उर्मट होता. तेव्हा थेर म्हणाले, पुष्कळ भिक्खूंना बरोबर घेऊन जा. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. आनंदासारख्याला जे एकट्याने सांगायला जड गेले ते मंडळाच्या अध्यक्षाला जड जाणारच. त्यात कमीपणा नाही. चौघांना घेऊन जावे.

ऐकताच छन्न मूर्च्छित पडला. नंतर तो एकांतात राहिला, साधनेला लागला आणि अर्हत झाला. मग त्याने आनंदाकडे येऊन विनंती केली, भंते, आता ब्रह्मदंड मागे घ्या. आनंद म्हणाला, तू अर्हत झालास त्याच क्षणी तो गळून पडला. माफीनामा लिहून घेतला नाही, चारचौघांत नाक घासायला लावले नाही. आपल्याकडे एखादा परत येऊ लागला की "आता आठवण झाली काय?" असे म्हणणारे दोन-तीन तरी निघतात. त्यांना आनंदाचे हे उत्तर वाचायला द्यावे.

यातून मंडळाला उचलता येण्याजोगे आहे ते एवढेच की वाद घालणे थांबवावे. चिडवणारा माणूस उत्तरावर जगतो. तो पेटीवरून हात काढून घेतो तेव्हा सारे मंडळ त्याची मनधरणी करते, आणि त्याला हवे असते तेच त्याला मिळते. तसे न करता दुसऱ्या कोणी पेटीवर बसावे. सूर चुकतील. चुकू द्यावेत.

कौशांबीच्याच भिक्खूंचे दुसरे भांडण तर याहून बोलके आहे. शौचाला वापरण्याच्या भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवले, एवढ्यावरून ते सुरू झाले असे अट्ठकथा सांगते. दोघे विद्वान, दोघांचे शिष्य, आणि बघता बघता दोन तट. खुद्द तथागतांनी समजावले. भिक्खू म्हणाले, भगवंतांनी यात पडू नये, आमचे आम्ही पाहून घेऊ. तेव्हा तथागत निघून गेले. बुद्धांचेही ज्यांनी ऐकले नाही अशी माणसे होती, हे लक्षात ठेवले तर आपल्या प्रयत्नाला यश न आल्याची लाज थोडी कमी होईल. वाटेत तथागतांना अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे भेटले. ते दूध-पाण्यासारखे मिसळून राहत होते. भिक्षेहून जो आधी येई तो आसने मांडी, पाणी ठेवी. ज्याला रिकामे मडके दिसे तो ते भरी. एकट्याला उचलेना तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावी, "काल मी भरले होते" असे कोणी म्हणत नसे. मंडळातली किती भांडणे सतरंजी कोणी उचलायची आणि पेटी कोणाच्या सायकलवरून न्यायची यावरून होतात, हे ज्यांनी मंडळ चालवले आहे त्यांना विचारा.

आता थोडे प्रत्यक्षाचे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास संपतो तेव्हा भिक्खू प्रवारणा करतात. माझ्या वागण्यात जे पाहिले, ऐकले किंवा शंका आली ते मला सांगा, अशी प्रत्येक जण संघाला विनंती करतो. आपल्याकडचे वेळापत्रक याला चांगले जुळते. रोवणीपासून कापणीपर्यंत मंडळ तसेही झोपलेले असते, आणि आश्विन पौर्णिमेनंतर पंधरवड्यावर दिवाळी येते. त्या पंधरवड्यात, तालमी सुरू होण्याआधी, मंडळाने एक बैठक घ्यावी. पहिली विनंती अध्यक्षाने करावी, मग खजिनदाराने, मग जुन्यांनी. त्या काकांची पाळी येईतोवर चार जणांनी आपले दोष ऐकून घेतलेले असले की त्यांना आपल्यावरच नेम धरला आहे असे वाटणार नाही. बोलणाऱ्याने काय पाळावे हेही विनयात आहे. योग्य वेळी बोलावे, घडले तेच बोलावे, मृदू बोलावे, ज्यात हित आहे ते बोलावे, आणि मनात मैत्री ठेवून बोलावे. "तुम्ही नेहमीच असे करता" हे घडलेले बोलणे नव्हे. "मागच्या मंडईच्या रात्री तुम्ही मधेच पेटी बंद केली आणि लहान पोरगी स्टेजवर रडली," हे घडलेले बोलणे आहे.

एवढ्याने काही माणसे खरोखर बदलतात. पुष्कळांना आपल्यामुळे कोणी रडले हे कोणी कधी सांगितलेलेच नसते. आणि जे बदलत नाहीत त्यांना तीनदा सांगून झाल्यावर मंडळाने ठराव करावा. तो त्यांच्या समोर व्हावा, वहीत लिहावा आणि मुदतीचा असावा, या हंगामापुरता. ठरावात फक्त मंडळातले काम असावे. त्यांच्या घरच्या लग्नाची पत्रिका आली तर सर्वांनी जावे. त्यांच्या घरच्या बाया विहारात नेहमीच्या जागी बसाव्यात. त्यांचा मुलगा ढोलकी शिकत असेल तर त्याची ढोलकी चालू राहावी. शाक्य संघाने जी चूक केली ती, म्हणजे एकाच्या रागाने घराला हात घालणे, आपल्याकडून होऊ नये.

याची किंमत पडते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या वर्षी गाणे फिके पडेल. शेजारच्या गावाचे मंडळ वाहवा घेऊन जाईल, आणि मंडईला आलेले पाहुणे विचारतील, "तुमचे ते पेटीवाले कोठे गेले?" तेव्हा त्यांची निंदा न करता "यंदा ते नाहीत" एवढेच म्हणायचे. ते प्रेक्षकांत येऊन पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले तर त्यांना चहा नेऊन द्यायचा.

पुढल्या वर्षी तालमीची तारीख ठरली की त्यांच्याकडे निरोप कोणी न्यायचा, हेही त्याच बैठकीत ठरवून वहीत लिहून ठेवावे. शक्यतो ज्याचे त्यांच्याशी सर्वांत जास्त वाजले त्यानेच जावे.